चित्र गिऱ्हाईकाला, कागद सुताराला

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

आम्ही बहीण-भाऊ मिळून नऊ वर्षं जुळे सोलापुरातून किचन ट्रॉल्या आणि जुन्या बाथरूमच्या नूतनीकरणाची कामं घेतो. भाऊ साईट बघतो. मापं, कोटेशन आणि हिशेब माझ्याकडे. महिन्याला दोन किचन, दिवाळीआधी चार. आजवर सगळं चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढत आलो. मार्चमध्ये सिंकखालच्या कपाटाचे खण दोनदा कापावे लागले, कारण मी लिहिलेला आकडा आतला होता आणि सुतारानं तो बाहेरचा धरला. तेही चाललं असतं, पण गेल्या महिन्यात होटगी रोडचं मोठं काम हातचं गेलं. समोरच्यानं मोबाईलवर थ्रीडी चित्र फिरवून दाखवलं म्हणे. आता एक विक्रेता वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. भाचा म्हणतो, कशाला पैसे, पेन ड्राइव्हवर सगळी सॉफ्टवेअर आणून देतो. कुठलं घेऊ? बाथरूमसाठी वेगळं लागतं का? लॅपटॉप कसला? आणि एक गंमत: वहीतल्या चित्रात मी पाण्याचं पिंप काढते, त्याला गिऱ्हाईकं हसतात. नव्या चित्रात ते ठेवू का?

ताई,

होटगी रोडचं काम चित्रामुळे गेलं असं तुम्ही म्हणता. गेलं असेल. पण त्याआधीच्या ओळीत तुम्ही मार्चची हकीगत लिहिलीत आणि ‘तेही चाललं असतं’ म्हणून पुढे गेलात. मी तिथेच थांबलो. खण दोनदा कापले म्हणजे प्लायवुड गेलं, सुताराचे दोन दिवस गेले, आणि गिऱ्हाईकाच्या घरात बहीण-भावाची बाचाबाची झाली ती वेगळी. असं वर्षातून तीनदा झालं तर एका गेलेल्या कामापेक्षा ते महाग पडतं. फरक इतकाच की गेलेलं काम दिसतं आणि ही गळती दिसत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना विक्रेत्याच्या स्क्रीनवरचं चकचकीत किचन बाजूला ठेवा आणि त्याला एकच विचारा: ‘यातून माझ्या सुताराच्या हातात कुठला कागद पडतो, तो आत्ता छापून द्या.’ बहुतेक जण इथे चहा मागवतात.

तुम्ही सोलापूरच्या आहात, तुम्हाला हे दुसरीकडून समजावायला नको. आपल्याकडे चादरीची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकट-चौकट भरत. त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून तयार व्हायची, आणि जकार्ड माग ती कार्डं वाचून विणायचा. आता बरंच काम संगणकावर होतं. पण कार्डावरचं एक भोक चुकलं की चादरभर तो दोष परत परत येणार, मग मूळ रंगीत चित्र कितीही देखणं असो. तुमच्या धंद्यात माग म्हणजे सुतार. त्याला लागतं ते कार्ड: कुठला तुकडा, किती बाय किती, किती नग, कुठल्या कडेला पट्टी, लॅमिनेटची रेघ उभी की आडवी. तुमची चौकटीची वही या कार्डाच्या बरीच जवळ आहे. तिची लाज वाटून घेऊ नका.

आता मार्चच्या चुकीचंच उदाहरण घेऊ, कारण सॉफ्टवेअरची खरी परीक्षा त्यातच आहे. 600 मिलिमीटर रुंदीचा खण, म्हणजे कपाटाचा एक डबा, धरा. बाजूचं प्लाय 18 मिलिमीटरचं असेल तर तळाची फळी 564 ची. हा झाला वहीतला हिशेब. पण त्याच बाजूंना बाहेरून 1 आणि आतून 0.8 मिलिमीटरचं लॅमिनेट लागलं की एक बाजू 19.8 ची होते आणि आतलं माप 560.4 वर येतं. साडेतीन मिलिमीटर गेले, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त. (सोलापुरात सूत म्हटलं की लोक मागाकडे बघतात. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिलिमीटर.) आता ड्रॉवरला टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे तो आत-बाहेर सरकवणारी पट्टी, लावायचं आहे. त्याला दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मोकळा हवा. 564 धरून ड्रॉवर केला असेल तर तो आत जाणारच नाही, गेला तर रडत जाईल. शिवाय बाजारात 18 चं म्हणून घेतलेलं प्लाय मोजून बघा, दर वेळी 18 भरत नाही. व्हर्नियर (जाडी मोजायचं हत्यार) घेऊन दुकानात जायची सवय लावा.

कामाचं सॉफ्टवेअर मी त्यालाच म्हणतो, जिथे जाडीचा आकडा एका ठिकाणी बदलला की सगळ्या फळ्यांची मापं आपोआप बदलतात. जिथे फळी-फळी हातानं ओढून दुरुस्त करावी लागते, ती तुमची वहीच, फक्त विजेवर चालणारी.

आता नावं घेतो.

अमेरिका-कॅनडात या धंद्यासाठी खास बनवलेली सॉफ्टवेअर आहेत: चीफ आर्किटेक्ट, 2020 डिझाइन वगैरे. चांगली आहेत, पण तिथली. त्यांची ताकद तिथल्या कंपन्यांच्या तयार कपाटांच्या कॅटलॉगमध्ये आहे. कपाट निवडा, ओढा, ठेवा, ऑर्डर करा. आपण कपाट निवडत नाही, कापतो. तिथल्या स्वयंपाकघर-स्नानगृह संघटनेचा नियमही असा, की शेगडी, सिंक आणि फ्रिज यांच्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज 26 फुटांपेक्षा जास्त नसावी आणि प्रत्येक बाजू 4 ते 9 फूट असावी. मुरारजी पेठेतल्या आठ बाय दहाच्या स्वयंपाकघरात 26 फूट ओलांडायचे म्हटले तर फ्रिज जिन्यात ठेवावा लागेल. ही सॉफ्टवेअर सोडून द्या.

ऑटोकॅड: आराखडा उत्तम निघतो, आर्किटेक्टशी फाइल देवाणघेवाण सोपी. पण नुसत्या किचनसाठी ते शिकायला बसाल तर दिवाळी निघून जाईल. तुमच्यासाठी नाही.

स्वीट होम थ्रीडी फुकट आहे आणि मुक्त परवान्यावर आहे, धंद्यात वापरायला बंदी नाही. इंटरनेट लागत नाही, साध्या लॅपटॉपवर चालतं. भिंती काढा, खिडकी-दार बसवा, ओटा ठेवा, घरातून फिरून बघा. कापणीची यादी त्यातून निघत नाही. पण संगणकावर माप टाकून काढायची सवय लागायला पहिला महिना यावर घालवलात तर वाया जाणार नाही. पैसे भरण्याआधी हे करा.

स्केचअप: जुने लोक अजून ‘गूगल स्केचअप’ म्हणतात, कारण 2006 ते 2012 ते गूगलकडे होतं. नंतर ट्रिम्बलनं घेतलं. ब्राउझरवरची फुकट आवृत्ती आहे, पण ती खासगी वापरासाठी आहे. गिऱ्हाईकाच्या कामाला ती वापरणं नियमात बसत नाही. मेक 2017 नावाची जुनी फुकट आवृत्ती भाचा सुचवेल, तिचंही तेच. पैसे भरून घ्यायची प्रो आवृत्ती वर्षाच्या वर्गणीवर मिळते. एकदा घेतलं की कायमचं, असा परवाना त्यांनी 2020 मध्ये बंद केला. प्रोमध्ये दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, लेआउट: यातून मापांसकट छापील पानं निघतात. दुसरी, ओपनकटलिस्ट नावाची जोडणी (प्लगइन). ही फुकट आहे. तुम्ही काढलेल्या किचनमधल्या सगळ्या फळ्यांची यादी करते आणि आठ बाय चारच्या शीटवर तुकडे कसे बसवायचे त्याचा नकाशा देते, करवतीच्या पात्याची जाडी वजा धरून. या जोडण्या संगणकावर बसवलेल्या आवृत्तीतच चालतात, ब्राउझरवर नाही. घेताना ही चूक बरेच जण करतात. आणि स्केचअपमध्ये जाडी बदलली की सगळं आपोआप बदलणारे खण हवेत तर ते तसे बांधावे लागतात. पहिले वीस-पंचवीस खण बांधायला वेळ जाईल. तो एकदाच जातो.

तिसरा रस्ता ब्राउझरवर चालणाऱ्या मॉड्युलर सॉफ्टवेअरचा. बंगळुरूचं इन्फर्निया आपल्याकडच्या पद्धतीच्या मॉड्युलर कामासाठीच बनवलेलं आहे. आराखडा, थ्रीडी, कापणीची यादी, सामानाची यादी एकाच ठिकाणी. चीनचं कूहोम चित्रांच्या बाबतीत फार वेगवान आहे, होटगी रोडवर फिरवलेलं चित्र तसल्याच एखाद्यातलं असणार. दोन्हींना इंटरनेट सतत हवं, आणि तुमची फाइल त्यांच्याकडे राहते. वर्गणी थांबवली तर जुन्या कामांचं काय, पीडीएफ आणि डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी आराखड्याची फाइल) काढून घेता येतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी सगळेच हो म्हणतात.

माझं मत विचाराल तर तुमच्या महिन्याला दोन किचनच्या कामाला स्केचअप प्रो आणि ओपनकटलिस्ट पुरे आहे. उद्या फळ्या बीम सॉ किंवा सीएनसी अशा मोठ्या कापणी यंत्रांवर कापून घ्यायला लागलात, महिन्याची किचन सहा-सात झाली, तर इन्फर्नियाकडे जा. आज नको.

आणि थ्रीडी चित्र? ते बाहेरून करून घ्या. तुमची स्केचअपची फाइल दिली की तासाभराच्या कामात दोन-तीन चकचकीत चित्रं करून देणारी मुलं-मुली सोलापुरातही सापडतील, इंटिरियरचा कोर्स केलेल्यांपैकी कुणालाही विचारा. प्रत्येक चित्राचा दर ठरवा आणि तो कोटेशनमध्ये धरा. सगळ्याच गिऱ्हाइकांना चित्र लागत नाही. ज्यांना लागतं त्यांच्यासाठी वर्षभराचं पॅकेज कशाला?

हे मी शहाणपणानं सांगतोय असं समजू नका. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः अशाच एका विक्रेत्याच्या बोलण्यात येऊन चित्रांचं महागडं पॅकेज घेतलं होतं. वर्षात त्यावर चार किचन केली. त्यातल्या एका गिऱ्हाईक बाईंनी काम झाल्यावर मोबाईल काढला, चित्र आणि दार शेजारी शेजारी धरलं आणि म्हणाल्या, ‘हा तो रंग नाही.’ नव्हताच. चित्रातला उजेड मी वाढवला होता, छान दिसावं म्हणून. चार शटर बदलून दिली. तेव्हापासून कोटेशनच्या खाली ओळ असते: रंग नमुन्याच्या तुकड्यावरून ठरेल, चित्रावरून नाही. नमुन्याच्या मागे कंपनीचा क्रमांक आणि गिऱ्हाइकाची सही. तुम्हीही पहिल्या दिवसापासून हे करा.

पैसे भरण्याआधी एक चाचणी घ्या. चाचणीचे दिवस मोजकेच मिळतात, ते तयार किचनची खेळणी ओढण्यात घालवू नका. तुम्हीच पूर्वी केलेलं, बसवून झालेलं एक किचन घ्या, शक्यतो ज्यात घोळ झाला होता ते. वहीतली मापं टाकून ते नव्यानं काढा. कापणीची यादी छापा आणि त्या वेळी खरोखर किती शीट लागल्या होत्या त्याच्याशी ताडून बघा. मग सिंक सहा इंच डावीकडे सरकवा, गिऱ्हाईक रात्री नऊला फोन करून सांगतं तसं, आणि घड्याळ लावून बघा किती वेळात सगळी यादी दुरुस्त होते. शेवटी तो छापलेला कागद सुताराला द्या, आणि गप्प बसा. भावालाही बोलू देऊ नका. सुतारानं काहीही न विचारता पहिला खण बरोबर कापला तर सॉफ्टवेअर घ्या. आपल्याकडे निम्मे सुतार राजस्थानचे नाहीतर उत्तरेकडचे, घरात बोलणं कुठे तेलुगू, कुठे कन्नड, साईटवर हिंदी. कागदावर शब्द कमी आणि आकृती-आकडे जास्त, असंच हवं. आणि प्रत्येक आकड्याला बाण, आतलं की बाहेरचं ते दिसणारा. मार्च परत यायला नको.

मापांबद्दल एक. सॉफ्टवेअर भिंती काटकोनात काढतं. गवंडी काढतोच असं नाही. ओट्याची भिंत खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कर्ण घ्या, कोपऱ्यात गुण्या लावा. दहा फुटांत इंचभर फरक असेल तर तो संगणकात भिंत तिरकी काढून दाखवा, ‘बघू साईटवर’ म्हणून सोडू नका. साधा लेझर मीटर घ्या. सॉफ्टवेअरच्या आधी.

बाथरूमला वेगळं सॉफ्टवेअर नको. मात्र तिथे कागद वेगळा लागतो. किचनमध्ये चूक झाली तर फळी वाया जाते, बाथरूममध्ये टाइल फोडावी लागते. चारी भिंती समोरून दिसतील अशा एका पानावर काढा. प्रत्येक नळ, डायव्हर्टर (भिंतीत गाडलेला, गरम-गार पाणी वळवणारा नळ), गीझरचा पॉइंट, कमोडचा आउटलेट यांचा मध्यबिंदू दोन मापांत द्या: बाजूच्या भिंतीपासून आणि खालून. खालून म्हणजे कशापासून, हे पानावर लिहिलंच पाहिजे. जमीन उताराची असते, त्यामुळे मी नेहमी उंबऱ्यापासून मोजतो. भिंतीपासूनची मापं टाइल लागल्यानंतरची धरा. प्लंबर उघड्या विटेपासून मोजतो, मग प्लॅस्टर, मसाला आणि टाइल मिळून दीड इंच सहज खातात, आणि डायव्हर्टर आत बुडतो. त्याच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर किमान-कमाल अशा खुणा असतात, टाइलचा पृष्ठभाग त्या दोघींच्या मध्ये आला पाहिजे. हे एक माप चित्रात लाल रंगानं लिहा. छतावर सोलर असेल तर गरम पाण्याची लाइन कुठून येते तेही त्याच पानावर. आणि बोअरचं पाणी असेल तर भिंतीत गाडायच्या वस्तू कमी ठेवा. आपल्याकडच्या जड पाण्याचा क्षार कशावरही चढतो. हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही.

टाइलची सुरुवात कुठून करायची तेही त्या पानावर ठरवा. दारातून दिसणाऱ्या भिंतीला पूर्ण टाइल, कापलेला तुकडा दाराआड. स्केचअपमध्ये टाइलची जाळी सरकवून पाच मिनिटांत बघता येतं, आणि टाइलची पेटी किती मागवायची तेही मोजता येतं. हिशेबात पैसे वाचतील ते इथेच.

भाच्याचा पेन ड्राइव्ह. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 63-ब आहे: चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैदेची सूट देऊ शकतं. तुमचा वापर धंद्यासाठीच आहे. दुसरं कारण जास्त व्यवहाराचं: त्याच लॅपटॉपवर तुमचा सगळा हिशेब आणि बँकेचं काम आहे. पेन ड्राइव्हवरून काय काय आत येईल ते भाच्यालाही माहीत नसतं. त्याला नाही म्हणा, पण खण बांधायच्या कामाला बसवा. या वयाची मुलं स्केचअप आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

वर्गणीवर 18 टक्के जीएसटी लागेल. तुमची नोंदणी नियमित असेल तर तो वळता करता येईल, कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांच्या सोप्या कर-योजनेत) असाल तर नाही. तुमच्या करसल्लागाराला आधी विचारा. आणि वर्गणीला वर्षातल्या किचननी भागा. वर्षाला 24-25 किचन धरली तर एका किचनमागे पडणारा आकडा आणि दोनदा कापलेल्या प्लायच्या शीटची किंमत शेजारी शेजारी लिहा. मग निर्णय तुमचा.

लॅपटॉप: चित्रं बाहेर देणार असाल तर फार भारी नको. 16 जीबी रॅम, एसएसडी, जमलं तर वेगळं ग्राफिक्स कार्ड. डेस्कटॉप मात्र नको, मेमधल्या सोलापुरात वीज गेली की गिऱ्हाइकासमोर अंधार. माऊस घ्या, तीन बटणांचा. टचपॅडवर स्केचअप म्हणजे शिक्षा.

आता पिंप. गिऱ्हाईकं हसतात ते हसू द्या. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथल्या स्वयंपाकघराच्या चित्रात पिंप नसेल तर ते चित्र दुसऱ्या गावचं. तयार लायब्ररीत ओव्हन मिळेल, डिशवॉशर मिळेल, तुमचं निळं पिंप मिळणार नाही, ना 14.2 किलोची गॅसची टाकी, ना देवघर, ना भाकरीची परात ठेवायची उभी फट. टेप घेऊन स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या या चार वस्तू मोजा आणि सर्वात आधी त्या काढा, खण नंतर. पिंपाचं झाकण वर उघडतं, तेव्हा ओट्याखाली ठेवायचं असेल तर ते बाहेर ओढायला चाकांची पाटी लागेल आणि तांब्या बुडवायला वर हात जाईल एवढी मोकळी जागा. होटगी रोडच्या त्या घरात पिंप कुठे ठेवलं असेल, ते मला खरंच बघायचंय.